काट्याची तबकडी कशी वाचावी?

शेतकरी बंधुभगिनींनो आणि शिक्षकहो, आजचा विषय तसा डोळ्यांनी पाहण्याचा आहे, आणि मी तो कानांवाटे सांगणार आहे. तेव्हा थोडी मदत तुम्हीही करायची. एक अर्धगोल तबकडी डोळ्यांसमोर आणा. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला शंभर. डावीकडचा पट्टा तांबडा, मधला पिवळा, उजवीकडचा हिरवा. मध्ये एक काटा, आणि तो कुठल्या तरी आकड्यावर येऊन थांबलेला. संगणकावर काम करणारी माणसं या चित्राला ‘गेज चार्ट’ म्हणतात. आपण तिला काट्याची तबकडी म्हणू.

ही तबकडी आता घरोघरी आली आहे. धरण किती भरलं, हे मोबाइलवर तबकडीनं कळतं. शाळेची आजची हजेरी, तालुक्याची वसुली, उसाच्या सरीतली ओल, सगळीकडे काटा फिरतो आहे. एका नजरेत उमजतं, म्हणून ती लोकांना आवडते. तिच्यात वाईट काही नाही. पण दिसतं तसं नसतं, ही म्हण तिलाही लागू आहे. काटा बोलतो खरा, पण तीन गोष्टी विचारून घेतल्याशिवाय तो काय बोलतो ते समजत नाही. शून्य कुठं धरलं आहे? पूर्ण म्हणजे किती? आणि हे रंग कुणी, कशावरून लावले? या तीन प्रश्नांसाठीच आजचं भाषण आहे.

आधी या तबकडीचं मूळ पाहू. संगणकानं ती काही नव्यानं शोधलेली नाही. फ्रान्समधल्या बूर्दाँ नावाच्या कारागिरानं १८४९ साली वाफेचा दाब दाखवणारं एक साधं यंत्र तयार केलं. बाकदार, चपटी, पोकळ नळी. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा तबकडीवर फिरतो. साखर कारखान्याच्या बॉयलरवर आजही याच जातीची तबकडी दिसते. तुमच्याजवळ माळेगावचा कारखाना आहे, पलीकडे सोमेश्वरचा, इंदापूरच्या बाजूला भवानीनगरचा. गळिताच्या दिवसांत बॉयलरवरचा माणूस त्या काट्यावरची नजर काढत नाही. जास्तीत जास्त दाब जिथं चालेल तिथं तांबडी खूण असते. काटा त्या खुणेच्या अलीकडे आहे तोवर काम चालू. जवळ आला की लगेच हात हलवायचा.

इथं काटा इतका उपयोगी का पडतो? कारण मोजायची गोष्ट एकच आहे. तिची हद्द ठरलेली आहे, आणि ती हद्द पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरी अशी बदलत नाही. शिवाय काटा पाहून करायचं काम त्याच घटकेला करायचं आहे. एक आकडा, एक हद्द, एक तातडीचा निर्णय. या तीन गोष्टी जिथं जुळतात, तिथं तबकडीसारखं सोयीचं चित्र दुसरं नाही. मोटारसायकलचा वेग, फवारणी पंपाचा दाब, गॅसच्या टाकीवरची तबकडी ही सारी याच घरातली मंडळी.

अडचण पुढं आहे. हीच तबकडी आपण उचलली आणि धरणाच्या पाण्याला लावली. आता हे पाणी बॉयलरच्या वाफेसारखं वागतं का?

पणदऱ्याचंच उदाहरण घेऊ. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पाऊस म्हणाल तर या सगळ्या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. तरी शिवारात ऊस उभा आहे, तो नीरा डाव्या कालव्याच्या जोरावर. १८७६-७७ च्या दुष्काळात हा कालवा खोदायला घेतला, आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असा तो पुढं गेला. त्याचं पाणी येतं वरून, भोरकडून. तिथं पाऊस झाला तर पणदऱ्यात ऊस हिरवा. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या आभाळापेक्षा दूरच्या धरणातल्या पाण्यावर आपली नजर जास्त. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून धरणाची तबकडी हा इथल्या शेतकऱ्याला रोजच्या भाकरीचा विषय आहे. आडसाली लागण करायची की नाही, खोडवा राखायचा की मोडायचा, उन्हाळ्यात किती पाळ्या मिळतील, हे सगळे बेत त्या काट्याकडे बघून मनात बांधले जातात. काटा वाचण्यात चूक झाली, तर वर्षाचा ऊस हातचा जातो.

आता पहिला प्रश्न घेऊ: पूर्ण म्हणजे किती?

नीरा खोऱ्यात चार धरणं धरतात. भाटघर, नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी. पाण्याचा हिशेब टीएमसीत करतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी लिटर. भाटघरात वापरायचं पाणी साडेतेवीस टीएमसी मावतं, नीरा देवघरात ११.७३, वीरमध्ये ९.४१ आणि गुंजवणीत ३.६९. चारींची बेरीज ४८.३३ टीएमसी.

चार धरणांच्या चार तबकड्या शेजारी शेजारी मांडल्या, की चारी आकारानं सारख्या दिसतात. आणि डोळा फसतो तो इथंच. वीरची तबकडी शंभरावर आणि भाटघरची चाळीसवर असेल, तर कुणीही म्हणेल, ‘वीर भरलं, भाटघर मात्र रिकामंच.’ अहो, पण हिशेब करून पाहा. साडेतेवीसाचे चाळीस टक्के किती? नऊ पूर्णांक चार दशांश. म्हणजे काठोकाठ भरलेल्या वीरमध्ये जेवढं पाणी, जवळजवळ तेवढंच पाणी ‘रिकाम्या’ भाटघरातही आहे. अर्धी भरलेली घागर आणि काठोकाठ भरलेला तांब्या शेजारी ठेवले, तर कशात पाणी जास्त, हे घरातलं लहान पोरही सांगेल. टक्क्यांच्या तबकडीवर मात्र घागर आणि तांब्या एकाच मापाचे दिसतात.

यातूनच दुसरी चूक घडते, ती सरासरीची. समजा, भाटघर आणि नीरा देवघर पन्नास-पन्नास टक्के भरले आहेत, आणि वीर व गुंजवणी शंभर-शंभर. चार आकड्यांची बेरीज करून चारांनी भागलं, की पंचाहत्तर टक्के येतात. तबकडीवर काटा हिरव्यात जातो, आणि ‘खोऱ्यात पाऊण पाणी’ अशी बातमी गावात फिरते. खरा हिशेब असा: भाटघराचे पावणेबारा टीएमसी, देवघराचे पाच पूर्णांक सत्याऐंशी शतांश, वीरचे नऊ पूर्णांक एक्केचाळीस आणि गुंजवणीचे तीन पूर्णांक एकोणसत्तर. एकूण ३०.७२. अठ्ठेचाळीस पूर्णांक तेहतिसांत हे होतात साडेत्रेसष्ट टक्के. पंचाहत्तर आणि साडेत्रेसष्ट, यांतला फरक साडेपाच टीएमसीचा. सबंध गुंजवणी धरणात मावतं त्याहून जास्त पाणी नुसत्या भागाकारानं कागदावर निर्माण झालं! ते पाणी कागदावरच राहील. चारीत यायचं नाही.

आणि टक्का खरा असला तरी तो धरणाचा टक्का आहे, तुमच्या बांधावरचा नव्हे. त्या पाण्यात डाव्या कालव्याचा वाटा आहे तसा उजव्याचाही आहे. खंडाळा, फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोला या तालुक्यांची माणसंही त्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेली असतात. पिण्याचं पाणी आधी काढून ठेवावं लागतं. काही ऊन पिऊन टाकतं, काही वाटेत झिरपतं. कालव्याच्या शेपटाकडे, इंदापुरात, शेवटच्या चारीवर बसलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

दुसरा प्रश्न: शून्य कुठं धरलं आहे?

मोटारसायकलचा पेट्रोलचा काटा अगदी तळाला टेकला तरी गाडी थोडी चालते, कारण टाकीत राखीव पेट्रोल असतं. काट्याचं शून्य आणि टाकीचा तळ एक नसतात. धरणाचंही तसंच आहे. धरणाच्या तळाशी काही पाणी असं असतं, की ते दरवाजाच्या पातळीखाली राहतं. त्याला मृत साठा म्हणतात. त्याच्या वरचं, कालव्यात सोडता येईल असं पाणी म्हणजे उपयुक्त साठा. बातमीत टक्के येतात ते बहुधा या उपयुक्त साठ्याचे. म्हणजे तबकडीचं शून्य हे मृत साठ्याच्या डोक्यावर असतं.

याचा सगळ्यांत मोठा दाखला इंदापूरकरांच्या दारात आहे. उजनी धरणात मृत साठाच ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७. वरच्यापेक्षा खालचं पाणी जास्त! म्हणूनच उजनीचा आकडा उन्हाळ्यात ‘उणे’ होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. बाहेरगावच्या माणसाला कोडं पडतं, की धरणात उणे पाणी असेल तरी कसं? उत्तर सोपं आहे. शून्यावर आलं तेव्हाही ६३.६६ टीएमसी पाणी खाली होतंच. उणे पन्नास म्हणजे त्यातून ५३.५७ चं निम्मं, सुमारे पावणेसत्तावीस टीएमसी, उपसलं गेलं. उरलं जवळजवळ सदतीस टीएमसी. काठोकाठ भरलेल्या भाटघरात मावतं त्याच्या दीडपट! तेव्हा ‘उणे’ या शब्दानं घाबरून जाऊन धरण कोरडं पडलं असं समजू नये. आणि उलट, खाली पाणी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. ते पाणी आपल्या आपण कालव्यात चढत नाही. काठावरच्या शेतकऱ्याला मोटारीचा पाइप वाढवत वाढवत मागं सरकणाऱ्या पाण्याच्या पाठीमागं जावं लागतं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर दिसायला लागलं, की उजनी किती खाली गेली हे त्या भागातल्या माणसाला तबकडीशिवायही समजतं.

आता गंमत पाहा. उजनीसाठी कुणी शून्य ते शंभर अशी तबकडी काढली, तर काय होईल? पाणी शून्याखाली गेलं तरी काटा शून्यावरच अडकून राहील. एक महिना गेला, दोन महिने गेले, काटा जागचा हलत नाही. पाणी मात्र रोज उतरतं आहे. ज्या दिवसांत लोकांना खबर हवी, नेमकी त्याच दिवसांत तबकडी मुकी! वरच्या टोकालाही तेच. चांगल्या पावसाच्या वर्षी उजनीत एकशे अकरा टक्क्यांपर्यंत पाणी धरतात. शंभरावर संपणारी तबकडी तेही दाखवणार नाही. या धरणाची तबकडी उण्याच्या बाजूला आणि शंभराच्या पुढंही लांबवली पाहिजे. आकडा जिथपर्यंत जाऊ शकतो, तिथपर्यंत तबकडी गेलीच पाहिजे.

शून्याचा आणखी एक घोळ शेतातच भेटतो. ओल मोजायचं एक जुनं साधन आहे, टेन्सिओमीटर. मातीत पुरायची नळी आणि वर तबकडी. त्या तबकडीवर शून्य म्हणजे माती पूर्ण भिजलेली! काटा जसजसा वर चढतो, तसतशी माती कोरडी होत जाते, कारण पाणी ओढायला मुळांना पडणारा जोर ती मोजते. उलट, मोबाइलवर दिसणाऱ्या ओलाव्याच्या टक्क्यांच्या तबकडीत शून्य म्हणजे ठार कोरडी माती. एकाच बांधावर दोन तबकड्या, आणि दोन्हींची शून्यं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला! न विचारता मोटार चालू केली, तर भिजल्या रानाला पाणी आणि तहानलेलं रान तसंच.

तिसरा प्रश्न रंगांचा. तांबडा, पिवळा, हिरवा, हे पट्टे कुणी ठरवले?

ओलाव्याचंच पाहू. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आहे. जमिनीत संवेदक, शेताशेजारी हवामान केंद्र, आणि त्यांची माहिती शेतकऱ्याच्या मोबाइलवर. प्रयोग चांगला आहे, आणि त्यातून पाण्याची बचत साधायची आहे. पण कुठल्याही संवेदकाचा आकडा तबकडीवर मांडताना माती कोणती हे ठाऊक हवं. भारी काळी जमीन पाणी पुष्कळ धरते, पण घट्ट धरते. तिच्यात वीस-बावीस टक्के ओल उरली असेल, तर पिकाच्या मुळांना त्यातलं फारसं मिळत नाही. पीक माना टाकायला लागतं. हलक्या, मुरमाड जमिनीत तेवढीच ओल म्हणजे रान चांगलं भिजलेलं. आकडा तोच, पण एका रानाला तो तांबड्यात हवा आणि दुसऱ्याला हिरव्यात. दोन्ही शेतांना एकच रंगीत तबकडी देणं म्हणजे दोन वेगळ्या अंगांना एकाच मापाचा सदरा शिवणं.

धरणाच्या तबकडीला तर रंग महिन्यागणिक बदलले पाहिजेत. आपल्याकडे पाटपाण्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे, यावर रब्बी आणि उन्हाळ्याच्या आवर्तनांचा विचार होतो. आता साठ टक्क्यांवर काटा आहे असं धरा. १५ ऑक्टोबरला साठ असतील, तर ते वर्ष काळजीचं आहे. पावसाळा संपला आणि धरण भरलंच नाही. तेच साठ टक्के १ मार्चला असतील, तर वर्ष निवांत जाईल. साधा हिशेब करा. भरलेलं धरण १५ ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत, साडेआठ महिने, सारखं वाटून खायचं ठरवलं, तर १ मार्चला सत्तेचाळीस टक्के उरतील आणि १ मेला साडेतेवीस. उन्हाळ्यात तहान वाढते आणि ऊनही पाणी उडवतं, म्हणून प्रत्यक्षात हातात याहून थोडं जास्तच असायला हवं. म्हणजे हिरव्या पट्ट्याची सुरुवात ऑक्टोबरात एका जागी आणि मार्चात दुसऱ्या जागी. बारा महिने एकच हिरवा पट्टा रंगवून ठेवलेली तबकडी माणसाला ऑक्टोबरात निर्धास्त करते आणि मार्चात विनाकारण घाबरवते.

रंगांबद्दल जाता जाता आणखी एक. काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, तांबडा आणि हिरवा यांतला भेद जन्मतःच कळत नाही. शिवाय गावात तबकडी छापून लावली, तर ती बहुधा काळ्या शाईतच निघते. तेव्हा पट्ट्यावर रंगाबरोबर शब्दही लिहावेत: ‘अपुरं’, ‘बेताचं’, ‘पुरेसं’. शब्द काळ्या शाईतही वाचता येतो.

हे तीन प्रश्न झाले. आता तबकडीत जे मुळातच नसतं, त्याबद्दल बोलू. तबकडी फक्त आज सांगते. काल काटा कुठं होता, हे तिच्यावर दिसत नाही. जुलैमध्ये चाळीस टक्के आणि पाणी चढतं आहे; मार्चमध्ये चाळीस टक्के आणि पाणी उतरतं आहे. काटा दोन्ही वेळा त्याच जागी. पण पहिल्या वेळी शेतकऱ्यानं लागणीची तयारी करावी, आणि दुसऱ्या वेळी नव्या उसाचा विचार दहादा करावा. म्हणून तबकडीशेजारी एक रेघ हवी, गेल्या महिन्यांची चढउतार दाखवणारी. निदान एक छोटी खूण तरी हवी: ‘गेल्या वर्षी आजच्या दिवशी इथं’. एवढ्या एका खुणेनं मुकी तबकडी बोलती होते.

पुष्कळ गोष्टींची तुलना करायची असेल, तर तबकडी नकोच. दहा गावांची वसुली दहा तबकड्यांत दाखवली, तर पान भरतं आणि डोकं भणाणतं. कुठलं गाव पुढं, कुठलं मागं, ते काही समजत नाही. त्याच दहा आडव्या पट्ट्या एकाखाली एक काढल्या, तर लांबी पाहून क्षणात क्रम कळतो. डोळ्याला लांबी मोजणं सोपं जातं, कोन मोजणं अवघड. स्टीफन फ्यू नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकानं याच कारणासाठी तबकडीऐवजी एक आडवी पट्टी सुचवली. तिच्यावरच आजचा आकडा, ठरवलेलं लक्ष्य आणि बऱ्यावाईटाचे पट्टे, सगळं थोडक्या जागेत मावतं.

आता शिक्षकांसाठी. ही सगळी विद्या सातवी-आठवीच्या वर्गात शिकवण्यासारखी आहे, आणि त्यासाठी आधी संगणकच हवा असं नाही. पुठ्ठ्याचा अर्धगोल कापा. त्यात एकशेऐंशी अंश असतात. शंभर टक्के त्यावर बसवायचे, म्हणजे एका टक्क्याला १.८ अंश. पन्नास टक्के नव्वद अंशावर, चाळीस बहात्तरवर, पंचाहत्तर एकशे पस्तीसवर. कोनमापकानं खुणा करा, टाचणीनं काटा बसवा. रोज परिपाठाच्या वेळी एका मुलानं भाटघरचा आकडा वाचायचा आणि काटा फिरवायचा. दुसऱ्यानं तोच आकडा तारखेसह भिंतीवरच्या चौकटींच्या कागदावर टिंबानं मांडायचा. दोन महिन्यांनी मुलांना विचारा, ‘तबकडीनं काय सांगितलं आणि रेघेनं काय सांगितलं?’ उत्तर मुलंच देतील.

त्याच वेळी एक नरसाळं घ्या. त्याचं तोंड बोटानं बंद करून उंचीच्या निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि ते मोजा. मग काठोकाठ भरून मोजा. निम्म्या उंचीला पाणी निम्मं नसतं. आठवा हिस्सा असतं, रुपयात दोन आणे. दरी खाली अरुंद आणि वर रुंद, म्हणून धरणाचंही साधारण असंच. भिंतीवर पाणी निम्म्याला आलं म्हणजे धरण निम्मं भरलं, असं नाही. तबकडी उंची दाखवते की साठा, हेही म्हणून विचारावं लागतं.

शाळेत संगणक असेल तर पुढची पायरी. गूगल शीट्समध्ये एका चौकटीत ‘भाटघर’ लिहा, शेजारच्या चौकटीत आकडा. दोन्ही निवडून ‘इन्सर्ट’मधून ‘चार्ट’ घ्या आणि प्रकारांत ‘गेज’ निवडा. किमान आकडा, कमाल आकडा आणि रंगांच्या हद्दी तिथंच भरता येतात. त्या रिकाम्या सोडू नका. एक्सेलमध्ये तयार तबकडी नाही, पण कडी-आलेखातून ती करता येते. तीस, तीस, चाळीस आणि शंभर असे चार आकडे द्यायचे, आलेख दोनशे सत्तर अंशांनी फिरवायचा आणि शंभराचा भाग रंगहीन करायचा. उरलेली वरची कमान म्हणजे आपली तबकडी.

कमाल आकडा का सोडायचा नाही, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय नावाचं साधन कचेऱ्यांतून पुष्कळ वापरतात. त्यात गेजला कमाल आकडा सांगितला नाही, तर ते आपल्या मनानं दिलेल्या आकड्याच्या दुप्पट धरतं. म्हणजे तुम्ही दहा द्या, वीस द्या की नव्वद द्या, कमान दर वेळी बरोबर अर्धीच भरलेली दिसणार! यंत्र खोटं बोललं नाही. त्याला पूर्ण म्हणजे किती हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच ठरवलं. बघणारा मात्र ‘अर्धं काम झालं’ असं समजून घरी जातो.

शाळेच्या हजेरीची तबकडी करणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं. नव्वद टक्के हजेरी म्हणजे काटा हिरव्यात. पण ऊसतोड सुरू झाली, की तोडणी कामगारांची मुलं फडावर येतात. त्यांची नावं या शाळेच्या पटावर आहेत का? पटावरच नसतील, तर तबकडीच्या ‘पूर्ण’ आकड्यात ती मोजलीच गेली नाहीत. काटा हिरव्यात राहील आणि मुलं उसाच्या फडात राहतील. ‘पूर्ण म्हणजे किती’ हा प्रश्न इथं गणिताचा उरत नाही; तो मुलाच्या शिक्षणाचा होतो.

श्रोतेहो, तात्पर्य एवढंच. काट्याची तबकडी ही चांगली नोकर आहे, तिला धनी करू नये. गावच्या बैठकीत, पाणी वापर संस्थेच्या सभेत किंवा मोबाइलवर ती समोर आली, की शांतपणे विचारा. शून्य कुठं आहे? पूर्ण म्हणजे किती टीएमसी, किती मुलं, किती रुपये? हिरवा पट्टा कुणी आखला, आणि तो आजच्या महिन्यासाठी आहे का? गेल्या वर्षी आजच्या दिवशी काटा कुठं होता? चार प्रश्न, आणि ते विचारायला इंग्रजी यावं लागत नाही की संगणक यावा लागत नाही. उत्तरं मिळाली, तर त्या काट्यावर विसंबून लागण करा. नाही मिळाली, तर आकडा टीएमसीत मागून घ्या, कागदावर दोन ओळींचा हिशेब मांडा, आणि मगच पाण्याच्या मागणीचा अर्ज भरा.